माल्कमसन: बेरीबेरीचा डॉक्टर, दगडांचा वाचक

जालन्याहून सिंदखेडराजा मार्गे लोणारकडे जाताना रस्त्याच्या कडेला खोदलेल्या विहिरी दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण आणि कधी कधी दोन पाषाणांच्या मध्ये विटकरी रंगाचा मातीचा पट्टा. विहीर खोदणाऱ्याला हा पट्टा लागला की तो समजतो, एक थर संपला, आता दुसरा लागणार. या दगडांची पोथी वाचण्याचा पहिला प्रयत्न ज्या हातांनी केला, त्यांतले बरेचसे हात डॉक्टरांचे होते. दिवसा पलटणीतले आजारी तपासायचे, संध्याकाळी तंबूत कंदिलाच्या उजेडात वहीत दगड लिहून ठेवायचे. जॉन ग्रँट माल्कमसन हे अशा डॉक्टरांपैकी एक. जन्म स्कॉटलंडमध्ये, नोकरी मद्रासच्या फौजेत आणि मृत्यू आपल्या धुळ्यात. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव बेरीबेरीसाठी घेतले जाते, भूशास्त्राच्या इतिहासात दख्खनच्या जीवाश्मांसाठी. गंमत अशी की एका विषयाच्या अभ्यासकांना दुसऱ्या विषयातले माल्कमसन बहुधा ठाऊक नसतात.

त्यांचा जन्म १८०२च्या सुमारास स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फॉरेस या छोट्या गावातला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८२०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सेवेत सर्जन म्हणून दाखल झाले. त्या काळी मद्रासची फौज फक्त मद्रासपुरती नव्हती. निजामाच्या मुलखात सिकंदराबाद आणि जालना, भोसल्यांच्या नागपूरजवळ कामठी अशा तिच्या छावण्या होत्या. १८०३च्या सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी झालेल्या लढाईनंतर जालना हे मोठे लष्करी ठाणे बनले. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरला कुमक गेली, ती जालन्याहूनच. पलटणी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याकडे पायी जात. गोदावरी, पैनगंगा, वर्धा ओलांडत, मजल दरमजल. सर्जन त्यांच्याबरोबर घोड्यावर किंवा पालखीत. ज्याला डोळे होते त्याच्यासमोर सगळा दख्खन उलगडत जाई.

माल्कमसन यांच्या आधी एक जण या वाटेने गेला होता, आणि त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. हेन्री वेस्ली व्हॉयसी. कर्नल लॅम्ब्टन यांची महान त्रिकोणमितीय मोजणी हैदराबादच्या आसपास चालू होती तेव्हा, १८१८च्या सुमारास, तिच्याबरोबर सर्जन आणि भूशास्त्रज्ञ अशा दुहेरी पदावर त्यांची नेमणूक झाली. नेमणुकीचा हिशेब सरळ होता. मोजणीवाल्यांना डॉक्टर लागतोच, मग तो दगडही पाहील. पुढच्याच वर्षी पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीच्या दरम्यानच्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्ट आणि व्हॉयसी काम करत होते. अवघ्या काही दिवसांत दोघेही तापाने पडले, आणि त्यांच्याबरोबरची दीडशेच्या आसपास माणसेही. हैदराबादहून हत्ती, डोल्या, पालख्या पाठवून या सगळ्यांना परत आणावे लागले. पंधरा जण वाटेतच गेले. डॉक्टर स्वतः झोळीत आणि रुग्ण शेजारच्या झोळीत, असा तो प्रवास. ताप कशाने येतो हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. दमट हवा, कुजका पाला, जमिनीतून निघणारी वाफ यांच्यावर ठपका ठेवला जाई. याच सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसला तो १८९७च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे जवळपास ऐंशी वर्षांनंतर.

व्हॉयसी बरे झाले आणि पुन्हा फिरू लागले. हैदराबादच्या मुलखाचा भूशास्त्रीय अहवाल त्यांनी लिहिला, नकाशा रंगवला. काळ्या मातीचा उगम काळ्या पाषाणाच्या झिजेत आहे असे त्यांचे मत होते. एप्रिल १८२३ मध्ये चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडच्या डोंगरात, काळ्या पाषाणाच्या सान्निध्यात, त्यांना शिंपले सापडले. दगड झालेले शिंपले. समुद्रापासून इतक्या दूर, एवढ्या उंचीवर आणि ज्वालामुखीच्या दगडाला लागून. एका वर्षात, १९ एप्रिल १८२४ रोजी, कलकत्त्याच्या वाटेवर व्हॉयसी वारले. वय तेहतीसच्या आसपास. मागे राहिल्या त्या वह्या. त्यांतले काही लेख मृत्यूनंतर नऊ-दहा वर्षांनी कलकत्त्यात छापले गेले आणि खाजगी रोजनिशीतले उतारे तर १८४४ आणि १८५०पर्यंत निघत राहिले. आज त्यांना भारतीय भूशास्त्राचे जनक म्हणतात. हयातीत त्यांना कोणी तसे म्हटल्याचे ऐकायला ते उरले नव्हते.

हे गाविलगडचे शिंपले म्हणजे एक अर्धवट सोडलेले कोडे होते, आणि ते माल्कमसन यांनी हाती घेतले.

हैदराबाद ते नागपूर हा जुना लष्करी रस्ता निर्मळच्या डोंगरातून जातो. तिथे, आणि पुढे वर्ध्याच्या खोऱ्यात हिंगणघाटपर्यंत, त्यांना काळ्या पाषाणाशी गुंतलेले गारगोटीसारख्या कठीण दगडाचे पातळ थर दिसले. ते हातोडीने फोडले की आत शंख, शिंपले, लाकडाचे तुकडे. हिंगणघाट हे नाव मोजणीच्या इतिहासातही येते. लॅम्ब्टन १८२३च्या जानेवारीत तिथेच वारले आणि तिथेच पुरले गेले.

हे शंख समुद्राचे की गोड्या पाण्याचे, हा खरा प्रश्न. समुद्राचे निघाले तर एकेकाळी दख्खनवर समुद्र होता म्हणावे लागेल. माल्कमसन यांनी नमुने नीट गोळा केले, कोणता कुठला ते लिहून ठेवले आणि इंग्लंडला नेले. जेम्स सॉवर्बी हे त्या काळचे शंखशिंपल्यांचे नामवंत जाणकार. त्यांनी ते पाहून चित्रे काढली, नावे दिली. सगळे गोड्या पाण्याचे. तळ्यात, डबक्यात, संथ नदीत राहणारे. एका गोगलगाईच्या जातीला फायसा प्रिन्सेपी हे नाव मिळाले. ब्राह्मी लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप, त्यांच्या नावावरून. या गोगलगाईचा शंख इतरांच्या उलट, डाव्या बाजूला वळतो. त्यामुळे फुटक्या तुकड्यावरूनही ती ओळखता येते. शिंपल्यांबरोबर आणखी एक वस्तू होती. टाचणीच्या डोक्याएवढी, गोल, अंगावर मळसूत्रासारख्या रेघा असलेली. ते होते कारा नावाच्या पाणवनस्पतीचे फळ. तळ्याच्या तळाशी ही वनस्पती आजही वाढते. दगडातल्या त्या जातीला सॉवर्बींनी माल्कमसन यांचे नाव दिले: कारा माल्कमसनाय.

हा शोधनिबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत १८३७ मध्ये वाचला गेला आणि १८४० मध्ये तिच्या ग्रंथात चित्रांसह छापला गेला. पुढे हेन्री जॉन कार्टर या मुंबईच्या आणखी एका सर्जनने पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरचे विखुरलेले लेख एकत्र करून १८५७ मध्ये सरकारमार्फत जाडजूड ग्रंथ काढला. त्यातही तो आहे.

माल्कमसन यांचे सगळेच अनुमान टिकले नाही. तळ्यांचा गाळ आधी साचला आणि लाव्हा नंतर येऊन त्यात घुसला, त्याने तो फोडला, विस्कटला, असा त्यांचा कल होता. लाव्हा एकदाच आला नाही, पुन्हा पुन्हा आला आणि दोन खेपांच्या मधल्या शांत काळात थंड झालेल्या दगडावर तळी साचली, त्यांत गोगलगाई वाढल्या, मग पुढच्या खेपेने सगळे झाकून टाकले, हे नंतरच्या भूशास्त्रज्ञांनी दाखवले. जालन्याच्या विहिरीतला तो विटकरी पट्टा अशाच एका शांत काळातली माती आहे. तिच्यावर पुढचा लाव्हा पसरला. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, म्हणजे डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमाराचे. वयाचा हा आकडा माल्कमसन यांच्या कल्पनेतही बसला नसता. पण शंख कुठे मिळाले, कोणत्या दगडात, वर काय, खाली काय, हे त्यांनी अनुमानापासून वेगळे लिहिले होते. त्यामुळे अनुमान बदलले तरी नोंद कामाला आली.

लोणारचे वर्णनही याच निबंधात येते. जालन्यापासून पूर्वेला, सिंदखेडराजाच्या पलीकडे, सपाट पठारात एकाएकी पडलेला जवळपास वाटोळा खड्डा. कडेपासून कडेपर्यंत पावणेदोन-दोन किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी खारे पाणी. इतके क्षारयुक्त की त्यातून निघणारा सोडा साबण आणि काचेसाठी पिढ्यान्‌पिढ्या काढला जात होता. चारही बाजूंनी ज्वालामुखीचा दगड असताना मध्ये खड्डा दिसला तर तो ज्वालामुखीच्याच कुळातला वाटणार, आणि एकोणिसाव्या शतकात बहुतेकांना तसेच वाटले. उल्केच्या आघाताने तो झाला हे दगडातल्या आघाताच्या खुणांवरून पक्के ठरले ते १९७३ मध्ये. २०२०च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्या देशाने फोटो पाहिले. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले.

आता दवाखान्याकडे वळू. दगडांच्या कामाआधीच माल्कमसन यांचे नाव झाले होते ते एका आजारामुळे. आंध्रच्या किनाऱ्यावर, तेव्हाच्या उत्तर सरकार प्रांतात, पलटणीतल्या शिपायांचे पाय बधिर होत. पोटऱ्या दुखत, हात लावला तर कळ येई. मग पावलांवर सूज, ती वर चढे, जिना चढताना धाप, छातीत धडधड. काही जण महिनोन्‌महिने काठी टेकत लंगडत. काही जण मात्र दोन-चार दिवसांत, कधी काही तासांतच, गुदमरून जात. हा बेरीबेरी. मद्रासच्या वैद्यकीय मंडळाने त्यावरच्या उत्तम निबंधासाठी बक्षीस लावले होते. ते माल्कमसन यांना मिळाले आणि त्यांचा ग्रंथ १८३५ मध्ये मद्रासला छापून निघाला. ते स्वतः त्या मंडळाचे सचिव होते. हाताशी निरनिराळ्या ठाण्यांवरून येणारे अहवाल होते. ते त्यांनी चाळले, स्वतःचे रुग्ण पाहिले आणि आजाराचा एक प्रकारे नकाशाच काढला.

त्या नकाशातून दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, हा आजार किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात होतो, आत पठारावर गेले की तो विरळ होत नाहीसा होतो. दोन, नवी पलटण किनाऱ्यावर आली की लगेच कोणी आजारी पडत नाही. काही महिने उलटावे लागतात. आजच्या कोणत्याही डॉक्टरला ही माहिती वाचून हात शिवशिवतील. उत्तर अगदी जवळ आहे, ताटात आहे! पण १८३५ मध्ये ते कोणालाच दिसणे शक्य नव्हते. आजार म्हणजे शरीरात काहीतरी वाईट शिरणे, ही तेव्हाची समजूत. अन्नातून काहीतरी चांगले निघून गेल्यामुळे माणूस मरतो, ही कल्पनाच जन्मली नव्हती. माल्कमसन यांनी दोष दमट हवेला, थंडी-उष्म्याच्या फेऱ्याला, किनाऱ्याच्या वातावरणाला दिला. भूशास्त्रज्ञाची नजर असल्यामुळे असेल, जागेवरचा त्यांचा भर जास्तच होता.

खरे कारण तांदळात होते. सडताना, पॉलिश करताना तांदळाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो आणि त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. बंगालात, तामिळ मुलखाच्या बऱ्याच भागात आणि आपल्या कोकणात उकडा तांदूळ खात. भात आधी उकडून मग सडला की थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि बरेचसे टिकते. आंध्र किनाऱ्यावर मात्र सुरई, म्हणजे न उकडता सडलेला तांदूळ खाण्याची पद्धत होती. माल्कमसन यांच्या नकाशावरचा आजाराचा पट्टा आणि सुरई तांदळाचा पट्टा जुळतो. दख्खनच्या पठारावर, मराठवाड्यात, जेवण ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे, सोबत डाळ. तिथे बेरीबेरीला शिरायला फटच नव्हती. आणि आजार दिसायला काही महिने का लागत, तेही उघड आहे. शरीरात थायमिनचा साठा फार नसतो. अन्नातून थोडे थोडे मिळत राहिले तर तूट भरायची राहते आणि मज्जातंतू व हृदय हळूहळू हात टेकतात.

हे कळायला पुढे शंभर वर्षे लागली. १८८४ मध्ये जपानी नौदलाचे डॉक्टर ताकाकी यांनी एका सफरीवर खलाशांचा आहार बदलून आजार जवळजवळ थांबवून दाखवला. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन यांना कोंबड्यांनी वाट दाखवली. पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, कोंड्यासह तांदूळ मिळाला की त्या सावरत. आइकमन यांनाही आधी भातात विष असावे असेच वाटले होते. त्यांचे सहकारी ख्राइन्स यांनी १९०१ मध्ये उलटून सांगितले की प्रश्न उणिवेचा आहे. शुद्ध जीवनसत्त्व कोंड्यातून वेगळे झाले १९२६ मध्ये. भारतात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅककॅरिसन आणि त्यांच्यानंतर एक्रॉइड यांनी तांदळाच्या प्रकारांचा हिशेब मांडला.

माल्कमसन यांनी दिलेले उपचार मात्र आपल्या ओळखीचे निघतात. त्यांच्या ग्रंथात एका काळ्या तेलाची चर्चा आहे. ते मालकांगोणीच्या बियांपासून लोबान, लवंग, जायफळ, जायपत्री घालून भट्टीत काढत. मद्रासचे सर्जन हर्कलॉट्स यांनी त्याचा मोठा पुरस्कार केला होता. दुसरे औषध अरबी-युनानी परंपरेतले, त्रियाक फारूक, अनेक द्रव्यांचे अवलेहासारखे मिश्रण. एका स्कॉटिश डॉक्टरने हकीम-वैद्यांची औषधे फौजेच्या रुग्णालयात वापरली आणि त्यांचा हिशेब ठेवला, ही गोष्ट त्या काळच्या मानाने मोकळ्या मनाची. मात्र त्याचा अर्थ लावताना सावध राहावे. बेरीबेरीवर मालकांगोणीचे तेल आज कोणी देणार नाही, देऊही नये. रुग्णाला किनाऱ्यावरून हलवून हवापालटासाठी पाठवले की त्याला उतार पडे, असाही तेव्हाचा अनुभव होता. आज त्याचा उलगडा सोपा आहे. हवा पालटली की जेवणही पालटते. औषध चालू असताना ताट बदलले आणि रुग्ण सुधारला, तर श्रेय बाटलीला जाते. ही चूक एकट्या एकोणिसाव्या शतकाची नाही.

थायमिनची उणीव आता किनाऱ्यावरच्या पलटणीत सापडत नाही, पण संपलेलीही नाही. जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात ती दारूच्या आहारी गेलेल्या माणसात भेटते. डोळे तिरळे फिरतात, तोल जातो, स्मृती सुटते. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या बाईत, दीर्घ उपासानंतर एकदम खाऊ घातलेल्या रुग्णात, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती भेटते. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी किंवा निदान तिच्या बरोबरीने थायमिनचे इंजेक्शन द्यावे लागते. कारण ग्लुकोज जाळायला थायमिन लागते आणि उरलेसुरले तेही खर्च होते. इंजेक्शन काही रुपयांचे आहे. ते द्यायचे राहिले तर होणारे नुकसान कायमचे ठरू शकते.

१८३५ मध्येच माल्कमसन यांचे दुसरे पुस्तक आले, हिंदुस्थानात दिसणाऱ्या संधिवाताच्या प्रकारांवर. त्यात तळपायांची आग होण्याच्या तक्रारीची दखल आहे. रात्री शिपाई ओल्या फडक्याने पाय गुंडाळून बसत. हीसुद्धा बऱ्याच अंशी आहाराची उणीव होती. ब गटातल्याच पँटोथेनिक आम्लाने तिला गुण येतो हे १९४६ मध्ये कुन्नूरला डॉ. सी. गोपालन यांनी दाखवले. म्हणजे दोन्ही पुस्तकांत त्यांनी वर्णन केले ते अपुऱ्या ताटाचे आजार, आणि दोन्ही वेळा त्यांचे बोट हवेकडे गेले.

तिसरे लेखन आकाराने लहान, पण त्यांच्या स्वभावावर सर्वांत जास्त प्रकाश टाकणारे. १८३५ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी देशी शिपायांना फटके मारण्याची शिक्षा रद्द केली. मग शिस्त कशी राखायची? कोठडीत एकटे डांबून, हे एक उत्तर होते. कागदावर ते दयेचे दिसते. माल्कमसन यांनी १८३७ मध्ये सर हेन्री हार्डिंग यांना उद्देशून पत्राच्या रूपात एक पुस्तिका छापली. विषय, उष्ण देशांत एकांत कोठडीचा शिपायांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम. कोंदट खोली, उन्हाळा, हालचाल नाही, कमी केलेला शिधा. फटक्यांचे वळ सगळ्यांना दिसतात, कोठडीतून बाहेर पडणाऱ्याची खालावलेली प्रकृती फक्त डॉक्टर पाहतो. ज्या सरकारचे मीठ खात होते, त्याच्याच शिक्षापद्धतीविरुद्ध हे लिहिणे होते. हेच हार्डिंग पुढे १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आले आणि १८४५ मध्ये त्यांनी देशी पलटणीत फटके पुन्हा सुरू केले. ते पाहायला माल्कमसन उरले नव्हते.

१८३७ ते १८४० ही मायदेशातली वर्षे त्यांच्या आयुष्यातली सुखाची असावीत. निदान कामाच्या दृष्टीने तरी. फॉरेसच्या आसपास, ज्या ओढ्यांकाठी बालपण गेले तिथेच, त्यांनी हातोडी चालवली आणि तांबड्या वालुकाश्मात माशांचे जीवाश्म मिळवले. अंगावर ढालीसारखी कवचे असलेले, आजच्या कोणत्याही माशासारखे न दिसणारे मासे. क्रोमार्टी गावात त्यांची ह्यू मिलर यांच्याशी गाठ पडली. मिलर मूळचे पाथरवट, तेव्हा बँकेत हिशेबनीस, आणि दगडांचे वेड लागलेले. त्यांचे शोध युरोपातल्या मोठ्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवण्यात माल्कमसन यांचा हात होता आणि मिलर यांनी ते उपकार पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने मानले. माल्कमसन यांनी स्वतःच्या शोधांवरचा निबंध १८३९ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीत वाचला. त्याचा सारांश छापला गेला. मूळ हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात गेले. रॉयल सोसायटीनेही त्यांना सदस्य करून घेतले.

मग ते परत आले, पण सर्जन म्हणून नव्हे. मुंबईच्या फोर्ब्स कंपनी या व्यापारी पेढीत ते दाखल झाले. वैद्यकी सोडून व्यापार हा बदल आज विचित्र वाटेल. तेव्हाच्या मुंबईत तो तसा नव्हता. पेढीबरोबरच एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे सचिवपद त्यांनी सांभाळले आणि सवड मिळाली की ते हातोडी घेऊन बाहेर पडत. व्हॉयसींनी आणि त्यांनी दख्खनच्या पठाराची पूर्व बाजू पाहिली होती. पश्चिमेकडून, खानदेशाच्या अंगाने, ती पोथी पूर्ण करायची होती.

खानदेश तेव्हा तापासाठी बदनाम होता. तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर जाणाऱ्याने जीव मुठीत धरूनच जावे अशी ख्याती. अशाच एका भूशास्त्रीय भ्रमंतीत माल्कमसन यांना तापाने गाठले. २३ मार्च १८४४ रोजी ते धुळ्यात वारले. वय बेचाळीसच्या आत-बाहेर. मृत्यूच्या नोंदीतल्या ताप या शब्दामागे तेव्हा मलेरिया, विषमज्वर, टायफस असे अनेक आजार लपलेले असत. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहण्याची सोय कुणाकडे नव्हती. सिंकोना सालीतून काढलेले क्विनीन १८२० पासून मिळत होते, पण कोणत्या तापाला ते लागू पडेल आणि कोणत्या नाही, हे रुग्ण वाचल्यावर किंवा गेल्यावरच कळायचे.

त्याच १८४४ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात व्हॉयसींच्या खाजगी रोजनिशीतले उतारे छापून आले. वीस वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या वाटेवर संपलेल्या माणसाच्या वहीतले. आणि माल्कमसन यांच्या स्कॉटलंडच्या माशांवरचे हस्तलिखित लंडनच्या दप्तरात तसेच पडून राहिले. १८५०च्या दशकाच्या शेवटी एल्गिनजवळच्या वालुकाश्मात सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे निघाली आणि तो दगड किती जुना यावरून लंडनच्या भूशास्त्रज्ञांत वाद पेटला. त्याच सुमारास, १८५९ मध्ये, सोसायटीने तो निबंध पूर्ण छापला. लिहिल्यानंतर वीस वर्षांनी, लेखक धुळ्यात वारल्यानंतर पंधरा वर्षांनी.